डायलिसिस फुकट, गोळी मात्र बाहेरून आणा

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या, म्हणजे सरकारी विम्यावर रुग्णाला मोफत उपचार देणाऱ्या, अंगीकृत (योजनेच्या यादीतल्या) रुग्णालयांना परवा पुन्हा तंबी मिळाली: रुग्णाकडून पैसे घेतल्याचं आढळलं तर यादीतून नाव काढू. जरूर काढा. योजनेतल्या रुग्णाकडून पैसे घेणं चूकच आहे. फक्त या उपचारांच्या बिलांचे आमचे थकलेले दावे कधी चुकते होणार, याची एक ओळ त्याच कागदावर असती तर बरं झालं असतं. ही योजना केंद्राच्या ज्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली आहे, तिच्या नियमात दाव्याचे पैसे १५ दिवसांत द्यायचे असं लिहिलेलं आहे. हे १५ दिवस कोणत्या पंचांगाचे, तेवढं कळवावं.

आम्ही सरकारी विमा सगळ्यांना मिळावा या बाजूचे डॉक्टर आहोत. आमच्या बिरादरीचा याबाबतचा इतिहास फारसा उजळ नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतानं १९६२मध्ये असा विमा आणला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. म्हणून आधीच सांगतो, जुलै २०२३च्या शासन निर्णयानं रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण जाहीर केलं, त्याचं आम्ही स्वागतच केलं होतं. त्या कागदावर १,३५६ उपचार होते, त्यातले ११९ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव. दुखणं कागदाच्या पुढे सुरू होतं.

साधं अपेंडिक्स घ्या. रुग्ण रात्री पोट धरून येतो. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला माणूस, रेशनकार्ड आणि आधार जुळवायला बसतो. एकावर सुरेखा आणि दुसऱ्यावर सुलेखा असेल तर गाडी तिथेच अडते. मग सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल आणि पलंगावरचा फोटो चढवून पूर्वमंजुरी मागायची. पोट उघडल्यावर आत पू निघाला तर वाढीव मंजुरीसाठी पुन्हा तेच सगळं. त्यानंतर ऑपरेशनची टिपणं, काढलेल्या अपेंडिक्सचा फोटो, हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा) अहवाल, डिस्चार्ज कार्ड. हा अहवाल यायला आठवडा लागला की दावा आठवडाभर पडून. मग क्वेरी, म्हणजे दाव्यावरची शंका, येते: ‘फोटो अस्पष्ट’. तिचं उत्तर दिलं की दुसरी येते, जी पहिल्या वेळीच विचारता आली असती. पॅकेजच्या एका रकमेत खाट, भूल, औषधं, तपासण्या, जेवण, घरी जायचं भाडं आणि डिस्चार्जनंतरचे १० दिवस असं सगळं बसवायचं असतं. ऑक्सिजनवाला आणि नर्सचा पगार क्वेरी मिटेपर्यंत थांबत नाहीत. छोटं रुग्णालय मग काय करतं? योजनेची खाट भरली आहे म्हणून सांगतं. हे पाप आहे, पण त्याचं बीज तुमच्या खात्याच्या पेमेंटच्या तारखेत आहे.

हे झालं पैशाचं रडगाणं. त्याहून मोठी चूक योजनेच्या रचनेतच आहे. रुग्ण खाटेवर आडवा झाल्याशिवाय योजना जागी होत नाही. ऑपरेशननंतरच्या पाठपुराव्याची काही पॅकेजेस सोडली तर बाह्यरुग्णाला तिच्यात जागा नाही.

मधुमेही माणसाचं मूत्रपिंड वाचवायला लागतं काय? साखरेसाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि वर्षातून निदान एकदा लघवीतलं अल्ब्युमिन व रक्तातलं क्रिएटिनिन यांची तपासणी. हा खर्च विम्यात नाही. महिनाअखेरीस माणूस गोळी एक दिवसाआड घेतो, नंतर बंद करतो, कारण त्याला काही दुखत नसतं. काही वर्षांनी तो पाय सुजून, धाप लागून येतो. डायलिसिससाठी हातात फिस्तुला (शीर आणि धमनीची जोडणी) करावी, तर ती तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात आणि याच्याकडे दोन दिवसही नसतात. मग मानेत कॅथेटर, त्यातून जंतुसंसर्ग, थंडी-ताप. पुढे आठवड्याला तीन वेळा, चार-चार तास, म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. हे मात्र योजनेत बसतं! त्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्या बायकोचीही बुडते. तो हिशेब कोणत्याच पॅकेजमध्ये नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, असं तुम्ही म्हणाल. आहेत, पण खिडकीवर औषध नसेल तर मोफत काय, चिठ्ठी? औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडून काढून नव्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे दिली. तमिळनाडूत १९९५ पासून प्रत्येक सरकारी दवाखान्याला औषधांचं पासबुक असतं, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेली असते. डॉक्टर गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या गोदामातून उचल करतो आणि औषधाची प्रत्येक बॅच वाटपाआधी तपासली जाते. ही नक्कल करायला परदेश दौराही लागत नाही. लागतच असेल तर थायलंडला जा. त्यांनी २००२मध्ये बाह्यरुग्ण सेवा धरूनच सार्वत्रिक योजना सुरू केली आणि दरडोई ठरलेली रक्कम आगाऊ दिली.

पैसा कुठून आणायचा? लोक आजही देतातच. २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेले. सरकारचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातलं वचन २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं होतं. ते केंद्राचं, असं म्हणून सुटू नका. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्याला द्यावा, असंही त्याच धोरणात आहे.

ज्यांना परवडतं ते खासगी मेडिक्लेम घेतात आणि तिथे वेगळे नागवले जातात. ३ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला १ टक्क्याची मर्यादा म्हणजे दिवसाला ३,०००. खोली ६,००० ची मिळाली तर खोलीशी जोडलेली बाकीची बिलंही निम्मी कापतात. आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायचं. आजारी माणसाला टाळून नफा होतो, म्हणून ते टाळतात. कामगारांच्या विम्याचा (ईएसआयसी) नियम वेगळा, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या योजनेचा (सीजीएचएस) वेगळा, पोलिसांच्या योजनेचा वेगळा. या प्रत्येकासाठी रुग्णालयात वेगळा कारकून बसतो आणि त्याचा पगार शेवटी रुग्णच देतो. सगळ्यांचा एकच निधी, एकच अर्ज आणि एकच दरपत्रक केलं तर हे कारकून तापाच्या रुग्णाचा केसपेपर काढायला मोकळे होतील.

आमचं मागणं फार नाही. रक्तदाब, मधुमेह, दमा आणि फिट्स यांची बाह्यरुग्ण औषधं व तपासण्या योजनेत घ्या. दाव्यावर क्वेरी काढायची तर एकदाच, सगळी मिळून. सोळाव्या दिवसापासून व्याज द्या, आणि ते अर्ज न करता.

पुढची तंबी पाठवाल तेव्हा थकीत दाव्यांची तारीखवार यादी सोबत जोडावी. प्रत अस्पष्ट नसावी, नाहीतर आम्हाला क्वेरी काढावी लागेल.

कळावे,
योजनेत काम करणारे काही डॉक्टर