कापसाची शुल्कमाफी सरसकट नको

महोदय,

केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरील 11 टक्के आयातशुल्क माफ केले आणि पुढे ही माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीच्या तोंडावर आम्हा विदर्भातील कापूस उत्पादकांना त्याचा कसा फटका बसला, यावर बरेच लिहिले गेले. त्याच निर्णयाने आफ्रिकेतील गरीब देशांच्या हातची एक सवलतही निरर्थक झाली, ही बाजू मात्र चर्चेत आली नाही, म्हणून हे पत्र.

बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या देशांतील कापूस आमच्या यवतमाळच्या कापसासारखाच आहे. पावसाच्या भरवशावर पेरलेला, लहान शेतांत पिकलेला आणि हाताने वेचलेला. 2001-02 च्या हंगामात जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला सुमारे 42 सेंटपर्यंत उतरला, तेव्हा अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचे अनुदान देत होती. ही अनुदाने टप्प्याटप्प्याने बंद करा आणि तोवर आम्हाला भरपाई द्या, अशी मागणी या चार देशांनी 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडली. त्यावर त्याच वर्षी मेक्सिकोतील कॅनकून येथे झालेल्या या संघटनेच्या परिषदेच्या मसुद्यात त्यांना सुचवले गेले ते दुसऱ्या उत्पादनांकडे वळण्याचे! ज्या घरात वर्षाकाठी रोख पैसा येतो तो कापसाचाच, त्या घराला दिलेले हे उत्तर वाचून आजही संताप येतो.

ब्राझीलने याच अनुदानांविरुद्ध 2002 मध्ये तक्रार केली, ती जिंकली आणि 2014 मधील अंतिम तडजोडीत अमेरिकेकडून 30 कोटी डॉलर मिळवले. बेनिन आणि चाड त्या खटल्यात केवळ त्रयस्थ पक्ष म्हणून सहभागी होते. वर्षानुवर्षे वकील उभे करण्याची आणि प्रतिशुल्काचा, म्हणजे उत्तरादाखल त्यांच्या मालावर शुल्क लावण्याचा, धाक दाखवण्याची ताकद अशा देशांकडे असत नाही. निर्यात अनुदाने पुढे बंद झाली, परंतु श्रीमंत देशांतील देशांतर्गत अनुदानांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

या बाबतीत भारताने एक चांगले पाऊल उचलले होते. एप्रिल 2008 मध्ये दिल्लीत झालेल्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत सर्वांत कमी विकसित देशांच्या (हे चारही देश त्याच गटातले) मालाला शुल्कसवलत जाहीर झाली आणि तिच्यात कापूस व तयार कपडे यांचा स्पष्ट उल्लेख होता. शुल्क सर्वांनाच माफ झाले की या सवलतीला अर्थ उरत नाही, कारण बेनिनच्या कापसाची गाठ आणि अनुदानावर पोसलेली अमेरिकेची गाठ आपल्या बंदरात एकाच पातळीवर येतात. आमचा कापूस आधीच दबलेला असतो, तो आणखी दबतो.

आफ्रिकेचा कापूस आल्यास आमचे नुकसान होणार नाही का, असे कोणी विचारेल. त्या चार देशांचे एकत्रित उत्पादन भारताच्या तुलनेत पुष्कळच कमी आहे. आमचे भाव त्यांच्यामुळे पडत नाहीत. शिवाय बेनिनने कोतोनूजवळच्या ग्लो-जिग्बे औद्योगिक क्षेत्रात आपल्याच रुईचे कपडे शिवण्यास सुरुवात केली आहे आणि त्या कपड्यांना बाजार मिळाला, तर तेथील कच्च्या गाठी जगभर विकण्याचा दबावही कमी होईल.

यापुढे कापसावरील आयातशुल्काचा निर्णय घेताना केंद्राने सरसकट माफी देऊ नये, 2008 ची सवलत त्या गरीब देशांपुरतीच अबाधित ठेवावी आणि जागतिक व्यापार संघटनेत कापूस अनुदानांच्या प्रश्नावर या चार देशांच्या बाजूने उघडपणे उभे राहावे, अशी मागणी राज्यातील खासदारांनी संसदेत करावी.

– एक कापूस उत्पादक शेतकरी, जि. यवतमाळ