वह्या सांभाळून ठेव

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास की रेंज गेली, कळलं नाही. रागाने ठेवला असशील तरी चालेल. पण पीएचडीचा चॅप्टर 'एआयने लिहिलाय' म्हणून परत आलाय, तर फील्डवर्कच्या वह्या कुठे आहेत, तेवढं कळव.

दहा टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर चालतो, हा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८चा नियम तूच मला समजावला होतास. तो उचलेगिरीचा. त्यात कुठली ओळ कुठून आली ते निदान दिसतं तरी. हे 'एआयने लिहिलंय' म्हणजे नुसता अंदाज, आणि त्यावर तुझा चॅप्टर परत! प्रसाद सांगत होता, चॅटजीपीटीवाल्यांनी स्वतःच असं ओळखणारं साधन काढलं होतं, ते नीट ओळखत नाही म्हणून जुलै २०२३मध्ये बंदही केलं. हे तुमच्या समितीला सांग. पण वह्या समोर ठेवून सांग.

आपल्या मुरुडचे अण्णा कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले, तर वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही. दिसण्यावरून निकाल लावायची खोड जुनीच. मी पेपर तपासताना संशय आला की पोराला फळ्याशी उभं करायचे, दोन मिनिटांत उलगडा व्हायचा. तुमचा तो व्हायव्हा, तोंडी परीक्षा, आधी घ्या म्हणावं. जाऊ दे, लागले शिकवायला. रिटायर झाले तरी जात नाही.

हर्णैच्या लिलावात तू फतकल मारून लिहीत बसायचीस, ते डोळ्यासमोरून हलत नाही. मासळीच्या पाण्याने फुटलेली शाई, सुरमईचा खोडून पुन्हा लिहिलेला भाव, आणि समासात माझी सामानाची यादी: कोकम, पोहे, बाबांच्या गोळ्या. कुठलं मशीन लिहील असं?

नाक्यावर लोक विचारतात, "झाली का डॉक्टर?" वर हसतात, "आता मोबाइलच लिहून देतो म्हणे." जून २०२४ला तू नेट, ती प्राध्यापकीसाठीची परीक्षा, देऊन आलीस आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली, नऊ लाखांवर पोरं लटकली, तेव्हापासून हे हसणं वाढलंय. बाबा उठून घरी येतात. मी भांडते. आपल्या घरात एवढं शिकलेलं दुसरं आहे कोण?

एक विचारू? इंग्रजी सुधारायला तरी ते चॅटजीपीटी वापरलं नाहीस ना? वापरलं असशील तर आपणहून सांगून टाक, त्यात लाज नाही. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं. तुझा आवाज काल बसलेला वाटला, म्हणून विचारते.

निळ्या कव्हराच्या दोन वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत सापडल्या, वाळवी नाही लागलेली. कुरिअरचा भरवसा नाही, शनिवारच्या एसटीने बाबाच घेऊन येतील. बाकीच्या तुझ्याकडेच असतील ना? पानापानाचे फोटो काढून ठेव. आणि बाबांच्या गुडघ्याचं तूच विचार, मला धड सांगत नाहीत.

तुझी,
आई