बिघडवायला दिलेल्या रुळाबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

काल रात्री साखर पेठेतल्या त्या नववीतल्या पोराच्या फळीवर मॉडेल रेल्वेचं इंजिन एकदाही न अडखळता फिरत राहिलं. त्याच्या आईने दोनदा जेवायला हाक मारली, तो हलला नाही. तुम्हाला समोर बसून आभार मानले तर "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलाल, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

दुखणं साधंच होतं. सहा बाय चार फुटांचा प्लायवूड, त्यावर एचओ मापाची लाइन, म्हणजे १:८७, दोन रुळांत १६.५ मिमी. गाडी कंट्रोलरजवळ जोरात धावायची आणि लांबच्या वळणावर मरगळायची. एका दुकानदाराने मोटर जळाली म्हणून नवीन इंजिन दाखवलं. दुसऱ्याने कंट्रोलर बदलायला लावला. या छंदातल्या जाणत्यांनीही "आधी पैसे साठव, मग बघू" म्हणून वाटेला लावलं. मल्टीमीटर एकानेही लावला नाही, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही लावला, तोही गाडी चालू ठेवून. रुळावर गाडी नसताना मोजलं तर शेवटपर्यंत १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. धावत्या गाडीत लांबच्या वळणावर ८ सुद्धा भरले नाहीत. सगळा करंट सैल, काळवंडलेल्या फिशप्लेटांतून, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांतून, जात होता. फळीखालून दीड स्क्वेअर एमएमची मुख्य जोडी, तिच्यातून दर तीन फुटांवर अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तारा, डाव्या रुळाला एक रंग आणि उजव्याला दुसरा. झालं काम.

पण काका, आभार त्या निदानाचे नाहीत. तारा जोडायची वेळ आली तेव्हा तुम्ही सोल्डरिंग आयर्न स्वतःच्या हातात घेतलंच नाही. पिशवीतून वीतभर रूळ काढला आणि म्हणालात, "हे बिघडवायला घे बे. जळलं की दुसरं देतो."

हे रूळ परदेशातून येतात आणि केवढ्याला पडतात, हे घेणाऱ्यालाच माहीत. ज्या पोराने सगळीकडे "हात लावू नको" एवढंच ऐकलं, त्याला कुणीतरी पहिल्यांदा बिघडव म्हणालं. त्याने बिघडवलाही. आयर्नचं टोक काळं, म्हणून उष्णता रुळात उतरेना. म्हणून तो धरून बसला आणि रुळाखालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळले. तुम्ही ओरडला नाहीत. टोक ओल्या स्पंजावर पुसायला लावलंत, अॅसिडची पेस्ट काढून घेऊन राळेची दिलीत, सोल्डरच्या डागाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवलात. रुळाला आणि तारेला आधी वेगवेगळं कथील लावायचं, मग दोन सेकंद टेकवायचं. सहावा डाग चकचकीत बसला. शिकवणारे पुष्कळ असतात, पण चुकायला सामान पुरवणारा माणूस विरळा, आणि असा माणूस सोलापुरात आहे हे लोकांना कळायला हवं.

सगळे सांधे डाग देऊन बंद करायला निघाला होता, तेही तुम्हीच थांबवलंत. जानेवारीची पहाट आणि मे मधली बेचाळीस अंशांची दुपार यांत एक यार्ड, म्हणजे तीन फूट लांबीचा रूळ जवळजवळ अर्धा मिमी वाढतो. वळणावरचे सांधे पक्के करा, सरळ लाइनीत मात्र थंडीत लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी फट सोडा. नाहीतर उन्हाळ्यात लाइन वाकणारच.

यंत्रमागाशेजारच्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम: टॉवेलचा तंतू आखाला गुंडाळतो आणि गिअरपर्यंत जातो. चिमट्याने काढायचा. तेल सुईच्या टोकाएवढंच, जास्त झालं की तंतू चिकटतो. रुळाला पॉलिश पेपर नको, ओरखड्यात मळ बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं पुरतं.

आणि जाता जाता तुम्ही त्याला जुन्या छोट्या बार्शी लाइट रेल्वेची कल्पना देऊन गेलात! आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. ८७ ने भागला तर १९ च्या वर जातो, १६.५ च्या रुळावर तो कधीच नेमका बसत नाही. १८९७ साली सुरू झालेली कुर्डुवाडी–बार्शी लाइन मात्र अडीच फुटी होती, ७६२ मिमी. भागून बघा, ८.७६. एन या आणखी लहान मापाचा ९ मिमी रूळ तयार मिळतो. त्याचे स्लीपर फार जवळजवळ असतात, ते खडीत अर्धे बुजवायचे. कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअर साहेबाने आखलेली आपल्या जिल्ह्यातली छोटी गाडी, मापात जवळजवळ तंतोतंत! हिशेब मांडताना पोराने तीनदा भागाकार करून पाहिला.

कुर्डुवाडीला मोठी आणि छोटी लाइन शेजारी यायच्या, म्हणून त्याला फलाटापलीकडे मोठ्या लाइनीची एक सायडिंग हवी होती. त्या जागी त्याने तुमचा तोच वीतभर तुकडा ठोकलाय, वितळलेल्या स्लीपरांसकट. रविवारी बघायला या.

तुमचा,
सोलापुरातला एक रेल्वेवेडा