आपला डबा अजून उजेड देतो

रामबाग, इंदूर
रविवार, सकाळचे साडेनऊ

प्रिय मन्या,

स. न. वि. वि. तुला शोभत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात फोनवर तू म्हणालास, "दे रे तो डबा कचऱ्याच्या गाडीत." मी हो म्हटलं होतं. दिला नाही. आपला तो जुना संगणक, पडद्याच्याच पेटीत सगळं असलेला, त्याच डब्याच्या पडद्यावर हे पत्र टाइप करतोय.

म्हणजे डबा जिवंत झाला असं समजू नकोस. मदरबोर्ड गेला तो गेलाच. आता तो नुसता मॉनिटर आहे, माझा लॅपटॉप त्याला जोडलाय. पण पडदा तोच, त्यामागचा उजेड तोच आणि त्याला वीज देणारा पॉवर सप्लायही तोच, २००९ साली आपण दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून घेतलेल्या मशीनचा. त्यावर श्रीलिपीत किती लग्नपत्रिका जुळवल्या आठवतंय? एकदा वधूपित्याचं नाव वरपित्याच्या जागी गेलं आणि दोनशे पत्रिका आपल्या खिशातून परत छापाव्या लागल्या. हिशेबाने अर्धा पडदा तुझा आहे, म्हणून हा अहवाल.

खरं तर ई-कचऱ्यात टाकायला काढलाच होता. २०१७ मध्ये स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून आपल्या गावात कचऱ्याचं सोवळं फार कडक झालंय. ओला, सुका, प्लास्टिक असे सहा प्रकार वेगळे करावे लागतात. गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली, मी डबा उचलून फाटकापर्यंत आलो आणि मनात आलं, हा मेला म्हणजे नक्की काय मेलं? शेवटच्या दिवशी चित्र फाटायचं, हिरव्या रेघा यायच्या, पण उजेड कधी गेला नव्हता. उजेड येतोय म्हणजे पॉवर सप्लाय चालू आहे, इन्व्हर्टर (आपल्या घरातला बॅटरीवाला नव्हे, पडद्यामागची लांबट पट्टी) चालू आहे, उजेड देणाऱ्या नळ्या चालू आहेत. गाडीवाला म्हणाला, "देना है क्या भिया?" मी परत फिरलो.

जेल रोडवर एका दुकानात नेला. त्याने बघितलंही नाही नीट. म्हणाला, "पूरा गया, पैनल भी गया." दुसरा म्हणाला, पॅनेल (चित्र दाखवणारी काच आणि तिच्यामागच्या नळ्या) उघडू, जुन्या नळ्या काढून एलईडीच्या पट्ट्या टाकू, सप्लाय फेकू आणि बाहेरून अडॅप्टर लावू. हे लोक सगळं बदलून द्यायला एका पायावर तयार असतात. चालू असलेल्या नळ्या काढायच्या कशाला? पॅनेल उघडलं की आतल्या पांढऱ्या कागदांच्या थरांत धूळ शिरते आणि मग जन्मभर पडद्यावर ठिपके. मी त्याच्याकडून फक्त युनिव्हर्सल ड्रायव्हर बोर्ड घेतला. एका बाजूने एचडीएमआय घुसतं, दुसऱ्या बाजूने पॅनेलला हवा तो सिग्नल निघतो. पॅनेलच्या पाठीवर लेबल असतं, त्यावरचा नंबर दिला की पुढचं सगळं कळतं: आपलं वीस इंची, १६८० गुणिले १०५०, पाच व्होल्टचं. आणि बोर्डावर जम्पर (पॅनेलचे व्होल्ट ठरवणारी इवलीशी टोपी) होता बारा व्होल्टवर! विचारलं तर म्हणतो, "लगा दो, चल जाएगा." लावला असता तर पॅनेल तिथल्या तिथे भाजलं असतं. मुकाट्याने जम्पर पाचवर आणला आणि घरी आलो.

खरी मजा पॉवर सप्लायची. पहिली गोष्ट म्हणजे त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात (२३० ला १.४१ ने गुण). प्लग काढून पाच मिनिटांनी मीटर लावला तर अजून दीडशेच्या वर! जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब वायर लावून त्यावर टेकवला, क्षणभर मिणमिणला आणि विझला. त्यानंतरच आत हात घातला. आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "तुझ्या वडिलांना रेडिओने असाच धक्का दिला होता." ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय, पण त्या दिवशी लक्ष देऊन ऐकली.

मदरबोर्ड काढला की हा सप्लाय मौनात जातो. फक्त पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन जागी असते, बाकी सगळं शून्य. त्याला कोणीतरी 'ऊठ' म्हणावं लागतं. साध्या डेस्कटॉपच्या सप्लायमध्ये हिरवी वायर काळीला टेकवली की पंखा फिरतो, ते तर तुला माहीतच आहे. इथे सगळ्या वायरी एकाच रंगाच्या. शेवटी भिंगाने सप्लायच्या बोर्डावरची बारीक पांढरी अक्षरं वाचली, तिथे एका पिनेपाशी पी एस ऑन, म्हणजे 'सप्लाय चालू', लिहिलेलं सापडलं. थेट टेकवायची छाती झाली नाही, म्हणून मध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर घातला. भाराशिवाय सप्लाय नखरे करू नये म्हणून गाडीच्या ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब बारा व्होल्टला टांगला. टक् करून आवाज आला आणि बल्ब लखलखला. मीटरवर बारा आणि चोवीस, दोन्ही जिथल्या तिथे.

हे चोवीस महत्त्वाचे. बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाचा इन्व्हर्टर चोवीस व्होल्टवर चालतो आणि त्याचे नळ्यांसाठी हजारेक व्होल्ट करतो. ड्रायव्हर बोर्डाच्या सहा पिनांच्या सॉकेटमधून मात्र बाराच निघतात. पिना जशाच्या तशा जोडल्या असत्या तर नळ्या पेटल्याच नसत्या आणि मी दुकानदारासारखाच 'पैनल गया' म्हणून मोकळा झालो असतो. म्हणून चोवीस जुन्या सप्लायचे जुन्याच वायरीने राहू दिले आणि बोर्डाकडून फक्त तीन वायरी घ्यायच्या ठरवल्या: चालू-बंदची, मंद-प्रखरची आणि ग्राउंड.

पण आधी चित्र येतंय का ते बघायचं होतं, म्हणून उजेडाच्या वायरी मुद्दाम जोडल्या नाहीत. बोर्डात आधीचं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) दुसऱ्याच मापाच्या पडद्याचं निघालं; पेन ड्राइव्हने योग्य फाइल घातली, बोर्डावरचा दिवा लुकलुकून थांबला. पडदा काळाकुट्ट. खोलीतला दिवा बंद केला, मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरपा लावला. मन्या, त्या काळोखात आपला होळकरांचा राजवाडा दिसला! लॅपटॉपवर आपण काढलेला तोच फोटो आहे, पहाटेचा, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन निघालो होतो तेव्हाचा. सातही मजले, अगदी फिकट, विहिरीच्या तळाशी पडलेल्या चित्रासारखे. टॉर्च हलवला की मजले एकेक करून उजळत होते. मी पाच मिनिटं नुसता टॉर्चच फिरवत बसलो.

मग उजेडाच्या वायरी जोडल्या. नळ्या आधी तांबूस, मग हळूहळू पांढऱ्या झाल्या. आणि ब्राइटनेस उलटा! शंभरवर मिणमिण, शून्यावर लख्ख. या इन्व्हर्टरला सिग्नल वर गेला की मंद व्हायचं कळतं, बोर्डाला नेमकं उलट. मध्ये दोन रुपयांचा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर घालून सिग्नल उलटवला, भांडण मिटलं.

पंख्याचा मात्र गाढवपणा झाला. बारावर तो पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा, म्हणून हुशारी करून पाच व्होल्टच्या लाइनवर टाकला. ती स्टँडबायची! मॉनिटर बंद केला तरी पंखा सुरूच. सकाळी सौ. म्हणाली, "रात्रभर कोपऱ्यात कोण घोरत होतं?" आता तो बारावर आहे, वाटेत ६८ ओहमचा रेझिस्टर, आणि आवाज नाही.

चालू करायचं बटण डीव्हीडीच्या फटीत बसवलंय, जुनं बटण दाबून सोडायचं होतं, ते इथे उपयोगाचं नव्हतं. एचडीएमआयची वायर रॅमच्या झाकणातून बाहेर काढली. डब्याच्या पत्र्याला अर्थिंग पूर्वीसारखंच आहे, ती हिरवी वायर मी हलवली नाही. दिसायला सुंदर नाही, पण तू सुंदर म्हणतोस त्या गोष्टी मला माहीत आहेत.

रंग थोडे पिवळट आहेत, नळ्यांचं वय झालंय. थंडीत सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं पडदा झोपेत असतो, तेवढ्यात मी पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरून येतो. अक्षरं मात्र अजून तशीच टोकदार.

आता तुझं. पलंगाखाली तुझाही एक असाच डबा पडलाय ना, वहिनी दर दिवाळीला ज्यावरून बोलते तो? उघडू नकोस. नुसता प्लग लाव, अंधारात चालू कर आणि सांग, पडद्यामागे उजेड येतो की नाही. येत नसेल तर टॉर्च तिरपा लावून बघ. रंगपंचमीला गेरची मिरवणूक बघायला येशील तेव्हा डबा गाडीत घालून आण, आणि त्याआधी मागच्या स्टिकरचा फोटो पाठव. फ्लॅश बंद ठेव, गेल्या वेळी नुसता पांढरा ठिपका आला होता.

काकूंना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
बंड्या

ता. क. वधूपित्याची ती चुकलेली पत्रिका सापडली, डब्याच्या आत पंख्यामागे घडी करून खोचलेली. थरथर थांबवायला तूच लावली असणार. ती तशीच परत खोचलीय.