परिषदेतली साधने निविदेत कधी येणार?

महोदय,

वेब डेव्हलपरांच्या परिषदा मुंबई, पुणे, बंगळूरु येथे वरचेवर भरतात आणि त्यांच्या बातम्या वृत्तपत्रांतही येतात; मात्र बहुतेक बातम्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या घोषणा, गुंतवणूक आणि रोजगार यांपलीकडे जात नाहीत. या परिषदांत खरी देवघेव होते ती कल्पनांची आणि मोफत वापरता येणाऱ्या साधनांची. ती मराठी संकेतस्थळांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून या व्यवसायातील एक वाचक या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

रायन डाल यांनी 2009 मध्ये बर्लिनच्या ‘जेएसकॉन्फ ईयू’ परिषदेत ‘नोड.जेएस’ (जावास्क्रिप्ट ही वेबची भाषा ब्राउझरबाहेर, सर्व्हरवरही चालवणारे साधन) लोकांसमोर मांडले, आणि 2018 मध्ये त्याच परिषदेच्या व्यासपीठावर येऊन नोडच्या रचनेतील कोणत्या दहा गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, हेही सांगितले. प्रसिद्धिपत्रकात असे काही छापून येत नाही. ईथन मार्कॉट यांनी एप्रिल 2010 मध्ये सिअ‍ॅटलच्या परिषदेत मांडलेली कल्पना तर आज आपण सगळेच वापरतो: मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ न करता एकाच पानाची मांडणी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलावी.

ही कल्पना आपल्याकडे रुजली, कारण मोबाइलवर पान मोडले की साहेबांनाही ते दिसते. अंध वाचकाला पान कसे ऐकू येते, हे मात्र कोणी पाहत नाही. वेबएम या अमेरिकी संस्थेने 2025 मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासली, तेव्हा 94.8 टक्के पृष्ठांवर यंत्राला सहज सापडणारे दोष निघाले. त्यांत सर्वाधिक आढळणारा दोष होता फिक्या पार्श्वभूमीवरील फिक्या अक्षरांचा.

मराठी पानांचे दुखणे आणखी वेगळे आहे. पानाच्या सांकेतिक मजकुराच्या आरंभीच भाषा नोंदवायची असते. मराठीसाठी ‘एमआर’ एवढी दोन अक्षरे पुरतात. इंग्रजी साच्यावरून पान उचलले की तेथे इंग्रजीचीच नोंद राहून जाते आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध वाचकाला वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवतो. ही नोंद बरोबर असेल, तर मराठी वळणाची सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पद्धतीचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. राज्य शासनाने 2009 च्या निर्णयात प्रमाण ठरवलेली रूपे शासनाच्याच पानावर दिसू नयेत, हे खेदजनक आहे. शिवाय परिपत्रके कागदावर छापून, शिक्का मारून, स्कॅन करून चढवली जातात. स्क्रीन रीडरच्या लेखी तो मजकूर नसून नुसते चित्र असते, आणि त्यात एखादा शब्द शोधायचा म्हटले तर डोळस माणसालाही शोधता येत नाही.

तपासणीची साधने हाताशी आहेत. गूगल क्रोममध्ये ‘लाइटहाउस’ हे पान तपासून शंभरपैकी गुण देणारे साधन आधीच बसवलेले असते. ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरांनी 2006 पासून घडवला. अर्थात यंत्राच्या शंभरपैकी शंभर गुणांवर विसंबू नये: छायाचित्राला वर्णन जोडले आहे की नाही एवढेच यंत्र सांगते, त्या वर्णनाच्या जागी ‘फोटो1’ लिहिले असले तरी त्याची तक्रार नसते. त्यापेक्षा माउस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी एक अर्ज भरून पाहावा. कुठल्या चौकटीत आपण आहोत हे दिसेनासे झाले, किंवा कॅप्चापाशी गाडी अडली, की दोष कुठे आहे ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कायद्याचीही उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी स्पष्ट केले. तरीही ठेकेदार निविदेत लिहिले असेल तेवढेच करतो, आणि निविदेत बहुधा ‘संकेतस्थळ सुगम असावे’ असे एक मोघम वाक्य असते, जे कोणालाच तपासता येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की वेबची कामे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना अशा परिषदांतील सुगम्यतेच्या सत्रांना पाठवावे आणि निविदेत पुढील अट स्पष्ट शब्दांत घालावी: संकेतस्थळावरील मुख्य अर्ज एका अंध वापरकर्त्याने स्क्रीन रीडरच्या साहाय्याने, दुसऱ्या कोणाची मदत न घेता, पूर्ण भरून दाखवल्याखेरीज ठेकेदाराचे अंतिम देयक अदा होणार नाही. त्या वापरकर्त्याला या कामाचे मानधन द्यावे, आणि ते ठेक्याच्या रकमेतच धरावे.

आपला,
एक वेब डेव्हलपर, पुणे