बाँग, तुला

तुमच्या संस्थेत येणारी मुलं तुला बाँग म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेत बाँग म्हणजे थोरलं भावंड, आमच्याकडे दादा म्हणतात तसं. पण तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, तेव्हा एकेरीतच लिहिते. तुला मराठी येत नाही. लेक वाचून दाखवेल, त्याचं अडेल तिथं मी आहेच. तरी मराठीतच लिहितेय, कारण हे आमच्या इथल्या मराठी मंडळींनीही वाचावं असं मला वाटतं.

त्यांनीच मला बजावलं होतं, "अॅनाहाइम स्ट्रीटच्या पोरांत सोडू नकोस हं त्याला." म्हणजे कंबोडियन वस्तीतल्या पोरांत. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. ह्यांना जाऊन सहा महिने झाले होते. माझ्या रात्रपाळ्या चालू, आणि पोरगं घरात असून नसल्यासारखं. गणपतीत भेटेल तो विचारायचा, "एसएटीचा क्लास लावला का?" म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा. तो जेवतो का, झोपतो का, हे एकानंही विचारलं नाही. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तर फाइल न उघडताच सांगून टाकलं की एशियन मुलं सावरतात आपोआप. एशियन! त्या एका शब्दात माझा लेकही बसला आणि त्याचा तो कंबोडियन मित्रही. त्या मित्राचा काका थायलंडच्या निर्वासित छावणीत जन्मला, वाढला अमेरिकेत. कंबोडिया त्यानं कधी पाहिलाही नव्हता आणि शेवटी हद्दपार होऊन तिथंच गेला. हे मला लेकानं सांगितलं, तुमच्याकडे जायला लागल्यावर.

सोळा वर्षं कॅलिफोर्नियातल्या या लाँग बीचमध्ये काढली मी. इथं अमेरिकेतली सगळ्यांत मोठी कंबोडियन वस्ती आहे, २००७ साली त्या भागाला कंबोडिया टाउन हे नाव मिळालं, हे सगळं ठाऊक होतं. कामावर जाताना रोज तिथूनच जाते. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत सतरा लाखांच्या आसपास माणसं मेली, हेही वाचलेलं. त्यातून वाचून इथं आलेल्या मोठ्या माणसांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तीत १०० पैकी ६२ जणांच्या मनावर त्या दिवसांचा आघात तसाच होता, भरून न आलेला. पण आजोबा बोलत नाहीत आणि बाप नुसता ओरडतो अशा घरात पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळचं काय करत असेल, हा विचार मी कधी केला नव्हता. माझ्याच घरात तसा एक बसला होता तरी.

तुमच्या ख्मेर गर्ल्स इन अॅक्शनचं मला नवल वाटतं ते याच्यासाठी. १९९७ साली मुलींसाठी निघालेली संस्था, आणि तिनं पुढं आग्नेय आशियाई मुलग्यांसाठीही गट काढला. आमचं पोरगं त्या हिशेबात बसतच नव्हतं. मित्राच्या मागोमाग आलं, आणि तुम्ही त्याच्यासाठी एक खुर्ची वाढवलीत.

तिथं तुम्ही काय काय घेता ते मला नीट सांगता येणार नाही. लेक फार बोलत नाही. एकदा भांडी घासता घासता म्हणाला, "आई, आज सगळे बाबांबद्दल बोलले. मीपण." आणि परत नळ सोडला. मला तेवढं पुरलं.

पण हे पत्र लिहायला घेतलं ते शाळेतल्या त्या बैठकीमुळे. मारामारीचं प्रकरण. टेबलापलीकडे चौघं फायली घेऊन बसलेली, अलीकडे आम्ही दोघं. माझं आडनाव त्यांनी तीन वेळा चुकवलं. आमच्या संगमनेरला दारात वसुलीला आलेल्यालाही आधी पाण्याचा तांब्या देतात. इथं बसा म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. तू उशिरा आलास, घामाघूम. साहेबांकडे पाहिलंही नाहीस. माझ्यासमोर उभा राहिलास, हात जोडलेस, बोटं पार नाकापर्यंत नेलीस आणि वाकलास. मग लेकाच्या शेजारी जाऊन बसलास.

मला वाटलं, नमस्कार केला. बरं वाटलं, इतकंच. घरी येताना गाडीत लेक म्हणाला, "आई, त्याचे हात कुठं होते पाहिलंस? मित्राला छातीशी जोडतात, वडीलधाऱ्यांना तोंडाशी. नाकाशी आईवडिलांना, आजीआजोबांना आणि गुरूंना." मी गाडी बाजूला घेतली. हे गेल्यापासून रडले नव्हते रे मी. वेळच झाला नव्हता.

बैठकीत पुढं काय ठरलं ते ठरलं. त्या चौघांना माझ्याकडे बघून बोलायचं असतं हे तुझ्यामुळे कळलं, एवढं मात्र मी पाहिलं. माणुसकीला पैसा लागत नाही म्हणतात, पण वेळ लागतो, आणि तो तू आपला खर्च केलास. नोकरी म्हणून करतोस म्हणशील. नोकरी तर त्या चौघांचीही होती.

तुमच्यात आभार मानायला ऑकुन म्हणतात, असं लेकानं शिकवलं. त्यातला कुन म्हणजे आपलाच गुण, संस्कृतातला. मला तो शब्द फार आवडला. स्वयंपाकघरात एकटीच म्हणून बघते.

एप्रिलमध्ये तुमचं नवीन वर्ष, आमचा पाडवा त्याच्या थोडाच आधी. तेव्हा लेकाबरोबर पुरणपोळ्या पाठवते. स्टीलचा डबा आहे, झाकणावर ह्यांचं नाव कोरलंय, तेवढा जपून परत कर. आणि बाँग, आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. चार दाणे साखरेचे घातलेस तरी चालतील.

तुझी,
मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या त्या मुलाची आई