ॲपलचा टॅक्स तळटीपेत कशाला?

संपादक साहेब,
ॲपलच्या आयर्लंडमधल्या टॅक्सचं प्रकरण शेअर घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. युरोपियन कमिशनने (युरोपियन युनियनचा कारभार पाहणारी संस्था) २०१६ लाच आयर्लंडला सांगितलेलं की ॲपलकडून १३ अब्ज युरोपर्यंत टॅक्स वसूल करा, २०१४ मध्ये तर ॲपलला टॅक्सचा रेट फक्त ०.००५ टक्के पडला असं त्यांचं म्हणणं, पण अपील चालू होतं म्हणून पैसे एस्क्रो खात्यात (निकाल लागेपर्यंत रक्कम राखून ठेवायचं खातं) पडून राहिले आणि ॲपलने ते खर्चात धरलेच नाहीत, सप्टेंबर २०२४ ला कोर्टाचा शेवटचा निकाल लागला तेव्हा कुठे एकाच तिमाहीत निव्वळ १०.२ अब्ज डॉलरचा बोजा दाखवला. नियमात बसतं, मान्य. पण एवढी वर्षं हा आकडा कंपनीच्या हिशेबाखालच्या तळटीपेत, आणि तळटीपा साधा गुंतवणूकदार कुठे वाचतो हो? वादातला टॅक्स नफ्याच्या शेजारीच छापायची सक्ती करा, आपल्याकडेसुद्धा.

– एक वाचक, पुणे